आघाताचा पत्ता : लांब इटालियन क्रियापदांच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. तोरिनो

परवा वर्गात एक साधं वाक्य वाचायचं होतं : माझे आईवडील दर रविवारी फोन करतात. ‘फोन करतात’ला इटालियनमध्ये एकच शब्द, तेलेफोनानो. मी ‘ना’वर जोर देऊन म्हटला, कारण पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की इटालियनमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर असतो. बाई काही बोलल्या नाहीत. बोटाच्या पेरानं टेबलावर ठक केलं आणि शब्द पुन्हा म्हटला. ठक ‘ले’वर पडलं, म्हणजे शेवटून चौथ्यावर.

तेव्हापासून डोक्यात हेच. काम असं ठरवलं : एक छोटा पायथन प्रोग्राम. त्याला क्रियापदाचं रूप द्यायचं, त्यानं सिलॅबल पाडून, आघाताचं सिलॅबल चौकटी कंसात घालून देवनागरीत छापायचं. ते-[ले]-फो-ना-नो, असं. त्यातून आमच्या रविवारच्या चार मराठी घरांसाठी एक तक्ता काढायचा. इटलीच्या नागरिकत्वासाठी २०१८पासून इटालियनचा बी-वन (मधल्या) पातळीचा दाखला लागतो, आणि आमच्यातले दोघं त्या परीक्षेला बसताहेत.

व्याकरणात या शब्दांना नावं आहेत, आणि ती मला फार आवडली. शेवटच्या सिलॅबलवर आघात असलेला शब्द ‘त्रोंका’, म्हणजे छाटलेला. दुसऱ्यावर असलेला ‘प्याना’, सपाट. तिसऱ्यावरचा ‘स्द्रुच्चोला’, म्हणजे घसरडा. आघात होऊन गेला की उरलेला शब्द उतारावरून घरंगळत जातो. चौथ्यावरचा बिस्द्रुच्चोला, पाचव्यावरचा त्रिस्द्रुच्चोला. आघाताची खूण लिहिणं सक्तीचं आहे ते फक्त छाटलेल्यांना, आणि एकसिलॅबली शब्दांपैकी काहींना. बाकी सगळं वाचणाऱ्याच्या भरवशावर. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? आपणही ‘घर’ लिहिताना र-चा पाय मोडत नाही, आणि शेवटचा अ म्हणतही नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सिलॅबल पाडायचं काम आयतं मिळेल असं वाटलं होतं. ओळीच्या शेवटी शब्द तोडायची फ्रँकलिन लियांग यांची १९८३च्या प्रबंधातली पद्धत टेक या छपाईच्या प्रोग्राममध्ये आहेच, आणि तिच्यासाठी क्लाउदिओ बेक्कारी यांनी इटालियनचे नमुने करून ठेवलेत. पार्लेरेब्बेरो (ते बोलतील, जर-तरच्या अर्थानं) दिलं, पार्-ले-रेब्-बे-रो असं चोख मिळालं. मग इन्वीआनो (ते पाठवतात) दिलं. त्यातला ई-आ जोड फुटेचना, एक सिलॅबल गायब.

चूक माझी. छपाईत दोन स्वरांच्या मध्ये शब्द तोडायचं टाळतात, म्हणून नमुनेही तिथे हात लावत नाहीत. जुळाऱ्याला ओळ भरायची असते, सिलॅबल मोजायचे नसतात. आयता माल परत केला आणि स्वतः लिहायला बसलो.

व्यंजनांचे नियम अर्ध्या तासात झाले. एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. जुळं व्यंजन मधून फुटतं. ल, म, न, र यांच्यामागून दुसरं व्यंजन आलं तर तिथेही फूट. पण व्यंजनामागून ल किंवा र आला तर जोडी एकत्र पुढे जाते. मी त्या जोड्यांची यादी हातानं लिहिली आणि त्यात ‘व्र’ विसरलो. दोव्रेब्बेरो (त्यांनी करायला हवं) हे दोव्-रेब्-बे-रो असं आलं. हवं होतं दो-[व्रेब्]-बे-रो. एका अक्षरापायी जेवण थंड.

स-चं प्रकरण खरंच भांडणाचं आहे. कापिस्कोनो (त्यांना कळतं) : शब्दकोश तोडतो का-पि-स्को-नो. पण इटालियनमध्ये आघाताचं सिलॅबल स्वरावर संपत असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर तो स्वर लांबतो. व्यंजनानं बंद असेल तर आखूड राहतो. ‘पास्ता’तला पहिला आ आखूडच ऐकू येतो. म्हणजे कानाला पास्-ता आहे, कागदावर पा-स्ता. ध्वनिशास्त्रवाले कानाच्या बाजूनं आहेत. तक्ता बोलण्यासाठी आहे, म्हणून मीही कानाच्या बाजूनं : का-[पिस्]-को-नो. ओळ तोडताना शब्दकोशाचं ऐकावं.

१९ जानेवारी, रविवार

आज फक्त लिपी.

आपलं जोडाक्षर सिलॅबलच्या सीमेवर पांघरूण घालतं. ‘ब्बे’ लिहिलं की दोन्ही ब पुढच्या अक्षरात गेले असं दिसतं, बोलताना मात्र पहिला ब मागच्याचा दरवाजा लावतो. पण वृत्तं शिकवताना गुरुजी काय सांगायचे? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर, त्यावर आघात येत असेल तर, गुरू. म्हणजे ही जाण आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त लिपीत ती दिसत नाही. म्हणून तक्त्यात सगळीकडे पाय मोडायचे : रेब्-बे.

लॅटिनचा आघातही याच हिशेबावर चालायचा. शेवटून दुसरं सिलॅबल गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर एक घर मागे. इटालियनमध्ये तो हिशेब पुसला गेला, आघात मात्र जागच्या जागी राहिले. वेदेरे (पाहणे) आणि वेन्देरे (विकणे) दोन्ही दिसायला ‘-एरे’वाले, पण एक वे-[दे]-रे आणि दुसरं [वेन्]-दे-रे. लॅटिनमध्ये ती दोन वेगळी गणं होती. एकाचा ए दीर्घ, दुसऱ्याचा ऱ्हस्व. आता लिहायला एकच.

आघातासाठी वैदिक स्वरचिन्हाची उभी रेघ वापरायचा मोह झाला. दोन फोनवर दोन तऱ्हा दिसल्या, एकावर नुसतं ठिपक्यांचं वर्तुळ. शिवाय ऋग्वेदाच्या पोथीत ती रेघ उदात्तावर नसतेच, स्वरितावर असते. कुणी जाणकार भेटला तर कान धरेल. कंस बरे.

दुसरी अडचण आपल्या शुद्धलेखनाची. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायची सवय हाताला इतकी आहे की ‘दोर्मिवी’ (तू झोपला होतास) असंच लिहिलं जातं, आणि मग वाचणारा शेवट ताणतो. नेमकं तिथेच ताणायचं नाहीये. या तक्त्यापुरता नियम मोडला : दोर्-[मी]-वि. आघाताचं उघडं सिलॅबल दीर्घ, बाकीचे ऱ्हस्व. आ, ए, ओ यांना ही सोय नाही, तिथे कंसच.

एक फायदाही लक्षात आला. आल्त्सानो (ते उचलतात) मधला ‘त्स’ आमच्या मंडळींना अजिबात जड जात नाही. तो आपल्या चमच्यातला च आहे. आणि ‘चाओ’तला च चहातला. आपण दोन्हींना एकच अक्षर वापरतो, म्हणून तक्त्यात चमच्याच्या च-ला ‘त्स’ लिहिलं.

२६ जानेवारी, रविवार

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी, समोरच्या दारच्या सिन्योरा आणि त्यांची बटाट्यांची पिशवी. वीस मिनिटं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘सोनो कोझे के [का]-पि-ता-नो.’ अशा गोष्टी घडायच्याच. मी संभाषण चालू ठेवावं म्हणून मान डोलावत तेच परत म्हटलं, पण का-पि-[ता]-नो. सिन्योरांनी हाताची बोटं कपाळाला लावून मला कडक सलाम ठोकला. का-पि-[ता]-नो म्हणजे कप्तान. मग त्यांनीच पिशवीवर टकटक करत तिसराही सांगितला : का-पि-ता-[नो], त्यानं नेतृत्व केलं. या शेवटच्याला तेवढी लिहिताना खूण असते. पहिले दोन कागदावर जुळे.

लिफ्टमधून सुटल्यावर वर्तमानकाळ लिहिला. नियम एका ओळीचा निघाला : ‘ते’चं रूप म्हणजे ‘तो’च्या रूपाला मागून ‘नो’ लावलेलं (पहिल्या, म्हणजे ‘-आरे’वाल्या गणात तरी), आणि आघात ‘तो’ला जिथे होता तिथेच. [पार्]-ला, [पार्]-ला-नो. [आ]-बि-ता (राहतो), [आ]-बि-ता-नो. ते-[ले]-फो-ना, ते-[ले]-फो-ना-नो. शेवटून मोजत गेलं तर तिसरा, चौथा, चौथा असा गोंधळ वाटतो. मोजूच नये. एकवचन पाठ असेल तर अनेकवचन फुकट मिळतं.

पण ‘तो’चा आघात धातूत कुठे बसतो हे प्रोग्रामला अक्षरांवरून कळणं शक्य नाही. पार्ला आणि आबिता यांत कुठलीही खूण नाही. इथे यादी लागते. रोजच्या वापरातली क्रियापदं हातानं भरली. इटालियन लोकांचंही इथे एकमत नसतं. ‘मी मूल्यमापन करतो’ हे वा-[लू]-तो, पण [वा]-लु-तो म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांना टोकणारेही. ‘मी वेगळं करतो’ला [से]-पा-रो आणि से-[पा]-रो दोन्ही चालतात.

‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ या दोन रूपांत आघात धातू सोडून प्रत्ययावर जातो. ते-ले-फो-[न्या]-मो, ते-ले-फो-[ना]-ते. यात मला एक जुना राग विझवता आला. [एस्]-को (मी बाहेर पडतो) पण उश्-[शा]-मो (आम्ही बाहेर पडतो). [म्वो]-रे (तो मरतो) पण मो-[र्या]-मो. [स्ये]-दे (तो बसतो) पण से-[द्या]-मो. सहा महिने मी ही ‘अनियमित’ म्हणून घोकली. अनियमित कसली! आघात असताना स्वर फुलतो, आघात सरकला की साधा होतो. स्वर बदलला म्हणजे आघात इथून उठून गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस सार्थकी. भविष्यकाळ आणि संकेतार्थ.

यांची रूपं सगळ्यात लांब, आणि मला वाटलं होतं सगळ्यात अवघडही. दि-मेन्-ति-के-[रेब्]-बे-रो, ते विसरतील (जर-तरचं). सात सिलॅबल. ते-ले-फो-ने-[रेब्]-बे-रो, तेही सात. पण धातूतला आघात कुठे होता याच्याशी इथे काही देणंघेणंच नाही. यादी नको, काही नको. प्रत्यय पाहा आणि कंस टाका. याचं कारण प्रत्ययाच्या पोटात आहे.

बोलचालीच्या लॅटिनमध्ये भविष्य सांगायला मूळ क्रियापदापुढे ‘असणे, जवळ असणे’चं रूप लावायला लागले. बोलायचं आहे मला, या धर्तीवर. पुढे ते दोन शब्द चिकटले. आजच्या इटालियनमध्ये त्या क्रियापदाची, ‘आवेरे’ची, रूपं आहेत ओ, आइ, आ, आन्नो. आता ‘पार्लारे’चा भविष्यकाळ : पार्ले[रो], पार्ले[राइ], पार्ले[रा], पार्ले[रान्]नो. शेपट्या तशाच आहेत. संकेतार्थात त्याच क्रियापदाचा भूतकाळ चिकटलाय : [एब्]-बे (त्याच्याजवळ होतं), म्हणून पार्-ले-[रेब्]-बे, [एब्]-बे-रो, म्हणून पार्-ले-[रेब्]-बे-रो. आघात एब्बेवर होता, तो आजही एब्बेवरच आहे. एवढा लांब शब्द घसरडा का होतो? कारण ‘एब्बेरो’ हा तीन सिलॅबलचा शब्दच मुळात घसरडा होता. समोर कितीही डबे जोडा, इंजिन मागे आहे.

आणि हे मला पुस्तकातून कळावं? मी सकाळीच आईला फोनवर म्हटलं होतं, ‘तुझ्याशी बोलायचंय.’ बोलायचं आहे, बोलायचंय. करतो आहे, करतोय. आपणही ‘आहे’ गिळून क्रियापदाला शेपूट लावतो आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

धातूवरचा जोर गेला की तिथले स्वर झिजतात हेही इथेच दिसतं. पार्लारेचा भविष्यकाळ पार्लारो व्हायला हवा होता; फ्लोरेन्सच्या बोलीत तो बिनआघाताचा आ ए झाला आणि प्रमाण भाषेनं तोच उचलला. वेदेरेचं वेदेरो न होता वे-[द्रो], आन्दारेचं आन्-[द्रो]. मधला स्वर पार झिजून गेला.

एक धोका. पार्-ले-[रे]-मो, आम्ही बोलू. पार्-ले-[रेम्]-मो, बोलू शकलो तर बोलू. एका म-चा फरक, आणि आमच्यात जवळजवळ सगळेच दोन्ही सारखे म्हणतात. मराठी माणसाला हे अवघड जायला नको. गडी आणि गड्डी यांत आपण कधी घोटाळा करत नाही. एकेरी म असला की आधीचा ए ताणा, दुहेरी असला की ए आखूड ठेवून ओठ क्षणभर मिटून धरा.

५ फेब्रुवारी, बुधवार

अपूर्ण भूतकाळ. एकच सापळा. पार्-[ला]-वा, पार्-[ला]-वा-नो, पण ‘आम्ही’ला पार्-ला-[वा]-मो. त्याच्या उलट, संशयार्थाच्या भूतकाळात ‘आम्ही’ला पार्-[लास्]-सि-मो. दोन्ही ‘मो’वाले, आघात वेगळे. तक्त्यात शेजारी शेजारी छापले आणि भोवती लाल चौकट.

९ फेब्रुवारी, रविवार

सर्वनामं मागे चिकटतात ती रूपं. आज्ञार्थ, मूळ रूप आणि ‘-न्दो’वाला कृदन्त, यांना मि, ति, लो, ने, चि वगैरे सर्वनामं जोडून लिहितात. शब्द लांबतो, आघात हलत नाही. ही मंडळी फुकटे प्रवासी. दि-[चेन्]-दो म्हणजे म्हणत. दि-[चेन्]-दो-ल्ये-लो म्हणजे त्याला ते म्हणत. आन्-[द्या]-मो, चला, आन्-[द्या]-मो-चे-ने, चला निघू या इथून. व्याकरणाच्या पुस्तकांना [फाब्]-ब्रि-का-मि-चे-लो दाखवायची फार हौस असते, शेवटून सहाव्यावर आघात. ‘मला तिथे ते बनवून दे’. मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

म्हणून प्रोग्रामला सांगितलं : आधी मागची सर्वनामं सोलून काढ, उरलेल्याचा आघात शोध, मग सर्वनामं परत लाव. फार हुशारी वाटली. मग ‘दोर्मिवि’ दिलं. शेवटी ‘वि’ दिसला, ‘वि’ हे सर्वनाम, सोललं, उरलं ‘दोर्मि’, आणि उत्तर आलं [दोर्]-मि-वि. तो भूतकाळाचा प्रत्यय आहे रे बाबा! ‘कापिशि’ (तुला कळतं) हे तर इटालियन लिपीत ‘चि’च्या अक्षरांनीच संपतं, त्याचीही शेपटी छाटली. आता सोलल्यावर उरलेलं रूप यादीत आज्ञार्थ म्हणून सापडलं, किंवा मूळ रूप वा कृदन्त असलं, तरच सोलायचं. आणि भूतकाळाचे प्रत्यय आधी तपासायचे.

तरीही काही रूपं निसटतात आणि त्यात प्रोग्रामचा दोष नाही. आल्त्साति : [आल्]-त्सा-ति म्हणजे ऊठ, आल्-[त्सा]-ति म्हणजे उठलेले. [फेर्]-मा-ति, थांब, फेर्-[मा]-ति, थांबलेले. वाक्य पाहिल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इथे दोन्ही छापतो.

एकसिलॅबली आज्ञार्थाला सर्वनाम लागलं की त्याचं व्यंजन दुप्पट होतं : दा आणि मि मिळून [दाम्]-मि (मला दे), दि आणि मि मिळून [दिम्]-मि (मला सांग), [दिम्]-मे-लो (मला ते सांग). ‘ल्यि’ला (त्याला) तेवढी सूट, तो लिहिताना दुप्पट होत नाही. हे पाचच आहेत, हातानं भरले.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या आठवड्यातलं इन्वीआनो परत दारात. ‘-आरे’च्या आधी इ असलेली क्रियापदं तीन जातींची. मान्जारेतला इ नुसता ज मऊ करण्यापुरता, म्हणायचा नसतोच : [मान्]-जा-नो, ते खातात. स्तुद्यारेतला य होतो : [स्तू]-द्या-नो, ते अभ्यास करतात. इन्व्यारेतल्याला मात्र एकवचनात स्वतःचा आघात आहे : इन्-[वी]-ओ, म्हणून इन्-[वी]-आ-नो.

आणि या तिसऱ्या जातीला संशयार्थात दोन इ लिहावे लागतात, इन्-[वी]-इ-नो, तर बाकीच्यांना एकच पुरतो, [स्तू]-दि-नो. म्हणजे ज्या भाषेत आघात लिहायची पद्धत नाही, तिथे एका कोपऱ्यात तो स्पेलिंग ठरवतो. बी-वनच्या वहीत मी हे नेहमी चुकायचो. आता चुकणार नाही असं म्हणत नाही, पण का चुकलो ते कळेल.

२ मार्च, रविवार

तक्ता छापून चारही घरांना दिला. दोन पानं, पाठपोट. प्रोग्रामनं शेवटच्या चाचणीत १२० रूपांपैकी ११३ बरोबर दिली. उरलेल्या सातांत पाच जुळी निघाली, दोन यादीत मीच चुकीची भरली होती. सगळ्यात जास्त दाद मिळाली ती ‘बोलायचंय’च्या चौकटीला. एका घरच्या नववीतल्या मुलीनं, जिचं इटालियन आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, ‘काका, हे तर आपोआप येतं ना?’ तिला येतं.

संध्याकाळी सिन्योरांनी दार वाजवलं. पंधरा दिवस मुलीकडे जेनोवाला चालल्यात. तुळशीसारखी दिसणारी त्यांची बाझिलिकोची कुंडी आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली. दोन वर्षं त्या मला ‘लेइ’ म्हणत आल्यात, म्हणजे आपलं अहो-जाहो. त्या आदरार्थी आज्ञेत सर्वनाम पुढे येतं आणि सुटं राहतं : मि ते-[ले]-फो-नि, मला फोन करा. आज जिन्यातून चार पायऱ्या उतरून त्या वळल्या, कुंडीकडे बोट दाखवलं, आणि म्हणाल्या, काही झालं तर ते-[ले]-फो-ना-मि.

अरे-तुरेवर आल्या होत्या. ‘ले’वर जिन्याच्या कठड्याला अंगठी ठक वाजली.